खुर्चीला आलेला ताप

साहेब, सादर नमस्कार.

निकाल वाचताना मी ओळी चुकायला लागले, तेव्हा तुम्हीच चेंबरमध्ये बोलावून म्हणाला होतात, "बाई, खुर्चीला ताप येत नसतो." मी मान डोलावली आणि गोळ्यांच्या आहारी गेले. न्यायाधीशांसाठीच्या गुप्त मदतीच्या फोनने मला त्यातून वर काढलं. आता मी कोर्टात ताठ बसते आणि दर शनिवारी दुपारी त्याच मदतीच्या फोनवर इतरांचं ऐकायला बसते.

आज एकजण म्हणाले, "नाव सांगणार नाही."

"इथे कुणी विचारतही नाही," मी म्हटलं.

बराच वेळ खाकरून झाल्यावर ते म्हणाले, "खुर्चीला ताप येत नसतो, असं म्हणायचो हो मी. वर्षभर झालं, बाटलीशिवाय खुर्चीत बसवत नाही."

साहेब, मी तुम्हाला ओळखलं. तुम्ही मला ओळखलं नाहीत, बरंच झालं. सोमवारी चारला डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेव्हा मी नाचायचीच बाकी होते!

गुप्तता म्हणजे गुप्तता, म्हणून हे पत्र सही करून लगेच फाडणार आहे. पण फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "बाई, सोमवारी नक्की जातो मी." इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून ऐकलेला हा सगळ्यात चांगला निकाल.

तुमची,
फोनवरची बाई