आवडाबाईच्या घरी देवी

रविवार, २१ फेब्रुवारी १९३७. मेडशी.

पाळकसाहेबांचा उपदेश पन्नास मिनिटे. विषय : आजच्या मूर्ती. आपल्या मूर्ती आता दगडाच्या उरल्या नाहीत, म्हणाले. चहा मूर्ती असू शकतो. सायकल असू शकते. केसांचे तेल असू शकते. (इथे त्यांनी कंपाउंडर हिरालालकडे पाहिले. हिरालालने वळून मागच्या बाकाकडे पाहिले.) ईस्टरपर्यंत प्रत्येकाने प्रामाणिक आत्मपरीक्षण करायचे, आपली मूर्ती ओळखायची, चिठ्ठीवर लिहायची आणि ईस्टरला मंडळीसमोर वाचायची. ज्याच्या घरी मूर्ती सापडेल आणि जो ती टाकणार नाही, त्याला प्रभुभोजन नाही.

कल्पना चांगली. पद्धत शून्य. परीक्षण कशाला म्हणतात हे आमच्या मंडळीत फक्त मला ठाऊक आहे. नर्सिंग तीन वर्षे, मिडवाइफरी एक. गावाची लघवी मीच तपासते.

ठराव : उद्यापासून रोज सकाळी ६ ते ६.१५ स्वतःचे परीक्षण.

सोमवार, २२ फेब्रुवारी.

६ वाजता बसले. ६.०४ ला बाळंतीण आली. हे कारण आहे, सबब नव्हे.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. हात बसल्याशिवाय अवघड केस घेऊ नये, असे आम्हाला शिकवले आहे. तेव्हा आधी इतरांचे परीक्षण, मग स्वतःचे. माझे सोडून मंडळीत अकरा घरे. टेंपरेचर चार्टच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखला. रकाने : नाव, मूर्ती, लक्षणे, ताप. नॉर्मल ९८.४ धरले आहे.

गुरुवार, २५ फेब्रुवारी.

काम झपाट्याने चालू आहे.

पाळकसाहेब. मूर्ती : सायकल. दिवसातून दोनदा पुसतात. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. चिखल असला की ती त्यांच्यावर बसते, म्हणजे खांद्यावर. १०२.

ललिताबाई, त्यांच्या पत्नी. फुलांच्या कपबश्या, बारा. सहा वर्षे कपाटात. पाहुण्यांना चहा पितळी पेल्यातून. १०१.२.

हिरालाल. केसांचे तेल. तो जिथे टेकून बसतो तिथे भिंतीवर त्याचे डोके उमटले आहे. १०३.

बापूराव पंच. कमिटी. घरात वांग्याची भाजी करायची तरी ठराव मांडतात आणि बायकोकडून अनुमोदन घेतात. १०४, भ्रमासह.

हिरालालने विचारले, काय लिहून राह्यल्या एवढं? निरीक्षण, म्हटले. म्हणाला, आन् तुमचा नंबर कितवा? शेवटचा, म्हटले. म्हणाला, तवरक ईस्टर होऊन जाईन. तेल १०३.५ केले.

शनिवार, २७ फेब्रुवारी.

दहा घरे झाली. उरली आवडाबाई. दवाखान्यात झाडू-पोछा करते, बाटल्या उकळते. विधवा. बाप्तिस्मा होऊन चार वर्षे. घरात ती, नात पंचफुला (वय सहा) आणि एक शेळी. लुगडी दोन. काहीच सापडत नाही. शेळीचा संशय घेतला होता, पण शेळी दुभती आहे.

रकाना रिकामा ठेवणे मला जमत नाही. सरळ विचारले, तुझी मूर्ती कोणती? म्हणाली, मले काय ठाव बाई. तुमच्या बाटल्या घासतो, घरी जातो, भाकर थापतो. मूर्ती ठेवाले घरात जागा कुठं हाय? शेळी बी आतच बांधतो.

उत्तर टाळाटाळीचे वाटले. लक्ष ठेवावे लागेल.

सोमवार, १ मार्च.

आवडाबाई काल आणि आज नाही. पोर तापली म्हणे. क्विनीन पाठवले.

स्वतःचे परीक्षण उद्या, नक्की.

बुधवार, ३ मार्च. स. ९.१०.

सापडले!

गाडीवान रूपला तांड्याकडून बैलगाडीवर दवाखान्याचे पाणी आणतो. त्याच्याबरोबर निरोप आला, तो शब्दशः : आवडाबाईच्या घरी देवी आली हाय. पंधरा-ईस दिस येनं होनार नाई. नर्सबाईले आठवणीनं सांग म्हने.

चार वर्षांचा बाप्तिस्मा आणि घरात देवी आणून बसवली. लाज नाही, लपवाछपवी नाही. किती दिवस ठेवणार तेही ठरलेले. वर निरोप मुद्दाम माझ्या नावाने. याला मी आव्हान समजते.

रूपला जागचा हलेना. म्हणाला, तुमी चालता का बाई? गाडी रिकामीच हाय. मी म्हटले, आधी पुरावा. तो बैलांकडे बघत म्हणाला, बरं, आणि गेला.

आवडाबाई : देवी. १०५. तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा. लाल शाईने लिहिला.

शुक्रवार, ५ मार्च.

सकाळी तिच्या घरावरून मुद्दाम गेले. रस्त्याच्या पलीकडून. नोंदी :

दारावर कडुनिंबाचे डहाळे. ताजे. उंबऱ्यात पाण्याने भरलेला तांब्या. फोडणीचा वास नाही. शेजारीण तुळसाबाई भाजीचे वाफे शिंपत होती, तिला विचारले. म्हणाली, कुनाले आत येऊ देत नाई ते. तेल-फोडनी बंद. देवीले खपत नाई ना. आतून गाण्याचा आवाज. नीट ऐकले तर चाल आपल्याच गीताची! देवीची पूजा करायची आणि चाल ख्रिस्ताची चोरायची.

आत गेले नाही. साक्षीदाराने पुराव्याला हात लावू नये.

स्वतःचे परीक्षण कामाच्या बोज्यामुळे पुढे ढकलले.

रविवार, ७ मार्च.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना लेखी रिपोर्ट दिला. एक पान, सहा मुद्दे. वाचून लाल झाले. म्हणाले, प्रत्यक्ष मूर्ती! मी तर सायकलीबिकलींबद्दल बोललो होतो! थोडे सुखावल्यासारखेही दिसले. खरी मूर्ती सापडल्यावर सायकलीकडे कोण बघणार?

बापूरावांनी ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिले. गुरुवारी पंच तिच्या घरी जाणार. तिने सर्वांसमोर देवी बाहेर टाकायची. नाही टाकली तर प्रभुभोजन बंद आणि मिशनची नोकरीही बंद. मी दुसरी बाई बघून ठेवायची.

पाळकसाहेब म्हणाले, असे डोळे सगळ्या मंडळीला असते तर! नोंद फक्त अचूकतेसाठी.

न घासलेल्या बाटल्या त्रेचाळीस.  

मंगळवार, ९ मार्च. स. ६ ते ६.१५.

अखेर स्वतःचे परीक्षण केले. पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ समोर ठेवून.

निकाल : मूर्ती नाही. ९८.४. खात्रीसाठी पुन्हा केले. ९८.४. चिठ्ठी लिहून घडी घातली.

ललिताबाईंनी माझ्या मागे टेबलावरचा तक्ता वाचला. चिडतील वाटले होते. १०१.२ वर बोट ठेवून त्यांनी विचारले, साहेबांचा किती? १०२, म्हटले. दिवसभर खूश होत्या.

 

गुरुवार, ११ मार्च. दु. ४.

जसे झाले तसे लिहिते.

पाळकसाहेब, बापूराव आणि मी आवडाबाईच्या अंगणात उभे राहिलो. दार लोटलेले. आतून ती म्हणाली, भायेरच राहा जी, देवी हाय घरात. पाळकसाहेब म्हणाले, ठाऊक आहे, त्यासाठीच आलो. बाहेर काढ तिला, आत्ता, आमच्यासमोर! ती म्हणाली, तिले वारा नाई लागू देत साहेब. पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, तिला वारा लागत नाही, ऊन लागत नाही, भूक लागत नाही, फेकून दे!  मग ती म्हणाली, सहा वर्साची पोर हाय जी. कुठं फेकू?

बापूराव कागदावर लिहीत होते. मला हळूच विचारले, देवीचं वय सहा लिहू का?

मी दार ढकलले.

पंचफुला खाटेवर, खाली निंबाचा पाला पसरलेला. तोंड, हात, तळवे, तळपाय. फोड सगळे एकाच वयाचे, पुवाने भरलेले. डोळे चिकटून बंद. नववा दिवस. पुस्तकातले चित्र याहून सौम्य आहे.

पाळकसाहेबांनी दारातून विचारले, काय आहे? मी म्हटले, व्हॅरिओला. म्हणाले, मराठीत सांगा. देवी, म्हटले. ते म्हणाले, ते तर आम्हाला माहीत आहे. मी पुन्हा म्हटले, देवी. तेव्हा त्यांना कळले, आणि ते अंगणाच्या टोकापर्यंत मागे गेले.

आवडाबाई पोरीवरच्या माश्या वारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, मी त बुधवारीच निरोप धाडला होता बाई. म्हटलं नर्सबाई येतीन. शुक्रवारी तुमी रस्त्याच्या पल्याडून गेल्या, मी फटीतून पाह्यलं. वाटलं, दवाईची पेटी आनाले गेल्या असतीन.

मी म्हटले, तू पोरीला देवी आल्या असा स्पष्ट निरोप द्यायचा होता.

हे मी खरेच म्हटले. अचूकतेसाठी लिहून ठेवते.

शुक्रवार, १२ मार्च.

जवळच्या मालेगावहून मोहनसिंग आला, सरकारी लस टोचणारा. पाळकसाहेबांनी त्याला गावभर फिरायला सायकल दिली, न पुसता. त्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिले आहे : देवी डॉक्टर. मुले त्याला बघताच ‘देवीवाला आला’ म्हणत पळतात. गुराख्यांना, तांड्यावरच्या बायकांना, शेळी राखणाऱ्या म्हाताऱ्याला देवी म्हणजे काय ते कळते.

दवाखान्याचे रजिस्टर काढून पाहिले. ‘देवी टोचल्या’, गेल्या वर्षी सत्तावीस वेळा. अक्षर माझे.

मोहनसिंगने विचारले, हिवाळ्यात टोचताना ही पोर कशी सुटली? मामाकडे रिठदला गेली होती, म्हटले. पुढे म्हणाला, आन् दवाखाना तं इथंच हाय, मंग आठ दिस काहून लागले? मी म्हटले, शब्दाचा घोटाळा झाला. कोन्ता शब्द, त्याने विचारले. मी सुया उकळायला गेले.

सगळ्यांना टोचले. बापूरावांनी आधी कोरम आहे का विचारले.

रविवार, १४ मार्च.

दर दोन तासांनी बोरिकने डोळे धुते. उजवा उघडला. डावा नाही. डोळे पहिल्या दिवसापासून धुवायचे असतात. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिले होते, पैकीच्या पैकी.

मिशनच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना वाशीमला रिपोर्ट पाठवायचा आहे. मसुदा पहिला : ‘स्थानिक बोलीतील संदिग्धतेमुळे निदानास विलंब झाला.’ वाक्य चांगले आहे.

हिरालालने पाहिले. म्हणाला, संदिग्धता म्हंजे रूपला का?

मसुदा फाडला.

गुरुवार, १८ मार्च.

मसुदा दुसरा : ‘कार्यबाहुल्यामुळे गृहभेट लांबली.’  हिरालालने टेबलावरच्या तक्त्याकडे पाहिले. अकरा घरे, चार रंगांची शाई.

फाडला.

रविवार, २८ मार्च. ईस्टर.

साथीमुळे उपासना मैदानात, घरे दूरदूर बसवून. आवडाबाईला अजून यायला परवानगी नाही. पंचांनी तिच्यावरचा ठराव मागे घेतला. तो मागे घेण्यासाठी बापूरावांना वेगळा ठराव करावा लागला.

चिठ्ठ्या वाचल्या. पाळकसाहेब उठून म्हणाले, सायकल. नंतर थांबून म्हणाले, आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन ओरडायची हौस. ललिताबाई : कपबश्या. एक फोडून आणली होती. बहुधा आधीच तडा गेलेली. हिरालाल : तेल. लोक हसले, तोही हसला.

माझे नाव पुकारले. चिठ्ठी हातात होती. ‘मूर्ती नाही. ९८.४.’ उठले आणि म्हटले, चिठ्ठी घरी राहिली.

आठवणीत असेलच ना, पाळकसाहेब म्हणाले.

मी खाली बसले.

सोमवार, ५ एप्रिल.

खपल्या गळाल्या. आवडाबाई कामावर आली. पंचफुलाला ओसरीवर बसवले आणि बाटल्या घासायला घेतल्या. एकशे बारा होत्या. एकही मी घासली नव्हती.

पोरीचा डावा डोळा पाहिला. बाहुलीवर पांढरा ठिपका. रजिस्टरात ‘कॉर्नियल ओपॅसिटी’ लिहिले. गावात याला डोळ्यात फूल पडले म्हणतात. आवडाबाई म्हणाली, नाव पाच फुलाचं ठेवलं होतं, हे सहावं देवीनं देल्लं. स्वतःच्या विनोदाला हसली. मी तिच्याकडे पाहिले तशी तिने पुढची बाटली घेतली.

मी म्हटले, मी तीन तारखेला आले असते तर डोळा बहुतेक वाचला असता. ती बाटलीत ब्रश फिरवत राहिली. म्हणाली, मले ठाव हाय. मग म्हणाली, त्या दिशी तुमी रस्त्याच्या पल्याड उभ्या होत्या तवा मी गानं म्हनून राह्यली होती, आयकू आलं का? पोरीले ते गानं आवडते. उपासनेतलंच हाय.

आले, म्हटले.

रिपोर्ट संध्याकाळच्या टपालात टाकला. एकच ओळ : ‘निरोप वेळेवर आला होता. मी गेले नाही.’