पंच्याऐंशीव्या मिनिटाची दुरुस्ती

३ नोव्हेंबर, सोमवार

करारनामा मी लिहायचा म्हणे!

सकाळी सूर्योदय तालमीचे अध्यक्ष विजयसिंह आण्णा घरी आले. राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही याबद्दल दहा मिनिटं बोलले, मग चहा, मग मुद्दा. मंगळवार पेठेत तालीम म्हणजे फुटबॉलचा संघही, आणि आजवर फुटबॉलपटूचा करार म्हणजे तालमीतल्या मारुतीपुढे नारळ आणि तोंडचा शब्द. यंदा मात्र राजारामपुरीच्या संघानं आकारामला छापील करार धाडलाय. दोन वर्षं खेळायचं, पुढे प्रशिक्षक, गुडघ्याचा विमा वेगळा. धाडणारा अनेकांत – इचलकरंजीत त्याचे माग, इथे कापडाचं दुकान, आणि डोक्यात चोवीस तास फुटबॉल.

"आमाला पण कागद पायजे, अरुणाताई. तीस वर्षं आमच्या मॅची तुमी लिवताय. ह्यो पण तुमीच लिवा."

म्हटलं, मी बातमीदार. वकील गाठा.

"वकिलाचं आकाराम ऐकायचा न्हाय. तुमचं ऐकतोय."

आकाराम एकोणचाळीसचा. शिरोलीला फौंड्रीत नोकरी. एकोणीस हंगाम एकाच तालमीचा फॉरवर्ड. खेळाडू नोंदणीची मुदत पंधरापर्यंत, म्हणजे बारा दिवस. हो म्हटलं. मुदत दिसली की मला नाही म्हणता येत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सहाला मैदानावर गेले. करारात लिहायचंय तो माणूस अजून किती शिल्लक आहे, ते तरी बघावं.

गुडघ्याला पट्टा. पळणं जवळजवळ नाहीच. विशीतली पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्यासारखी जात होती आणि हा बाजारात उभा असल्यासारखा उभा. पण चेंडू त्याच्याकडेच येत होता! पाऊण तास मी तेवढंच बघितलं. चेंडू कुठे पडणार हे त्याला चेंडू सुटायच्या आधी माहीत असतं, त्यामुळे त्याला पळावंच लागत नाही.

आणि मग ती हूल. एकोणीस वर्षं मी तिचं वर्णन करत आलेय आणि एकदाही नीट जमलेलं नाही. डावा खांदा जरासा पडतो. बस, तेवढंच. समोरचे तिघे डावीकडे जातात आणि चेंडू उजवीकडून निघून गेलेला असतो. तिघांनाही माहीत असतं की हूल आहे. तरी जातात. खांदा खोटं बोलतोय असं वाटतच नाही.

घरी येऊन आंघोळीला जायचं विसरले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आकारामच्या घरी. करारातले मुद्दे लिहून नेले होते. त्यानं कागद बघितलाही नाही.

"पैशाचं आण्णा बघतील. माझी अट येगळी हाय. कागद मागनं लिवा, ताई. आदी पेपरात लिवा."

काय लिहू?

"मे मधल्या फायनलचा गोल माझ्यामुळं झाला म्हणून."

ती फायनल राजारामपुरीविरुद्ध. पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा कॉर्नर, त्यांचा उंच पाच नंबर एकटा मोकळा, डोक्यानं गोल, सूर्योदय हरली. पाच नंबरला धरायचं काम फुलबॅक उदयसिंहचं होतं. मी तसंच लिहिलं. मथळाही माझाच – 'उदयसिंहची डुलकी, सूर्योदयचा पराभव'. दुसऱ्या दिवसापासून पेठेत त्याचं नाव पडलं – डुलकी. दुकानदार, रिक्षावाले, सगळे. आई देवळात गेली तर "डुलकीची आई आली". जूनमध्ये त्यानं बूट टाकले आणि इचलकरंजीला मागावर कामाला लागला. सव्वीस वर्षांचा. यंदा त्याला कुणी विचारलेलंही नाही.

आकाराम म्हणाला, "कॉर्नरच्या आदी मीच त्याला हातानं खूण केलती. तू फुडं जा, ह्याला मी घेतो म्हणून. त्यो माझ्या शब्दावर गेला. मी पोस्टवरनं हाललोच न्हाय."

सहा महिने का बोलला नाहीस?

"लाज. माझं एक वरीस ऱ्हायलंय, ताई. त्याची धा."

त्याची बायको स्वप्नाली पोहे ठेवता ठेवता म्हणाली, "केलेलं, न केलेलं, सगळं अंगावर घ्यायची खोड हाय ह्यांना. त्यो विम्याचा कागद तिथं कपाटावर पडलाय, आणि ह्यास्नी पेपरात नाव खराब करून पायजे."

"पोह्यात मीठ न्हाय," आकाराम म्हणाला.

"तुमच्या डोक्यात हाय का?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेची टिपणवही काढली. '८५ – कॉर्नर. नं. ५ मोकळा. उदयसिंह उभाच.' खुणेचा उल्लेख नाही. त्या दिवशी बातमी द्यायला माझ्याकडे अकरा मिनिटं होती.

यूट्यूबवर सामना आहे. कॅमेरा नेमका त्या वेळी गॅलरीतल्या भांडणाकडे वळलेला. चेंडू जाळ्यात, तेव्हा परत येतो.

मला खरंच आठवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आकारामनं मैदानावर बोलावलं. गोलसमोर त्यानं तो कॉर्नर मांडला – चपला, विटा, पाण्याच्या बाटल्या. सहा महिन्यांपूर्वीचा एक क्षण, आणि बावीस माणसं कुठे उभी होती हे त्याला पाठ! आपला गोलकीपर रेषेच्या पुढे दीड पाऊल. त्यांच्या सात नंबरच्या बुटाची नाडी सुटलेली. पंच उन्हाकडे पाठ करून. "ही वीट म्हंजे उदय. ही चप्पल म्हंजे मी. आता बघा." त्यानं उजवा हात कमरेएवढा वर घेतला आणि दोन बोटं पुढे ढकलली. जा पुढे.

आणि आठवलं. मी पाहिली होती ती खूण. पत्रकारांच्या बाकावरून तिरकी, गोलकीपरच्या खांद्यावरून. दोन बोटं. पाहिली, आणि डोक्यात आधीच तयार असलेलं वाक्य लिहून टाकलं, कारण आकाराम चुकतो हे वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं.

तीस वर्षांत असं पहिल्यांदा. की पहिल्यांदा कळलं?

त्यानं चपला परत पायात घातल्या आणि लंगडत फौंड्रीच्या बसला गेला. स्वतःची किंमत पाडण्यासाठी इतकी मेहनत घेणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

भाजी घेतानाही तेच दिसत होतं. दोन बोटं. नखात फौंड्रीची काळी रेघ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आण्णा आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"ताई, तुमी असलं कायबी छापू नका. फायनल आकारामनं घालवली म्हटल्यावर अनेकांत मागं सरंल."

सरला तर तुमचाच फायदा की, म्हटलं. तुमच्याकडेच राहील.

"ऱ्हाईल, पर कसला? पोरं त्याचं नाव बघून गॅलरीत येत्यात. त्याला देव केलाय आमी. देवाची चूक पेपरात छापत्यात व्हय?"

उदयसिंहचं काय, विचारलं.

आण्णा खिडकीतून गाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्याच्या आईचं घर माझ्या गल्लीत हाय. मी त्या वाटंनं जायचं सोडलंय."

संध्याकाळी अनेकांतचा फोन. अतिशय सभ्य. "मावशी, मी खेळाडू घेतोय, पण खरं सांगायचं तर लोक नाव घेतात. बातमी आली तर मला आकडा बदलावा लागेल." मी त्याच्या आईची शाळेतली मैत्रीण, म्हणून मावशी. म्हटलं, आकडा तुझा, बातमी माझी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इचलकरंजी. उदयसिंहला न विचारता त्याच्याबद्दल दुसऱ्यांदा लिहायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

पाळी सुटायच्या वेळी शेडच्या दारात उभी राहिले. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. बाहेर आला – केसांत कापसाची धूळ, खांदे उतरलेले. मला बघून थबकला. मी माफी मागितली. आकारामनं काय सांगितलं तेही सांगितलं.

तो जमिनीकडे बघत राहिला. "दादा येऊन गेलते मागच्या म्हैन्यात," म्हणाला. मग, "नका लिवू, ताई. झालं ते झालं. दादांचं नाव कशाला?"

मोठ्या मनाचा पोरगा. ज्यानं आपल्याला बुडवलं त्याचंच नाव जपतोय. परतीच्या बसमध्ये सारखं वाटत होतं, या दोघांपुढे आपण फार लहान आहोत.

लिहिणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार ओळी. तीन तास लागले. दीडशे सामन्यांच्या बातम्या मी उभ्या उभ्या दिल्यात.

'गेल्या मे महिन्यातील अंतिम सामन्याच्या वृत्तात सूर्योदय तालमीच्या पराभवाचा दोष उदयसिंह याला देण्यात आला होता. तो चुकीचा होता. आकारामने केलेल्या खुणेवरून उदयसिंह जागा सोडून पुढे गेला होता. ती खूण प्रस्तुत वार्ताहराने पाहिली होती, परंतु वृत्तात नोंदवली नाही. त्याबद्दल दिलगीर आहोत.'

संपादक म्हणाले, सहा महिन्यांनंतर कोण वाचणार? म्हटलं, एक गल्ली वाचेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गल्ली नव्हे, पेठ वाचतेय. सकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही. अर्धे मला शिव्या देतायत – आमच्या आकारामवर घाण टाकली. अर्धे आकारामला. कुणीतरी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं, 'दोन बोटं'. नवीन नाव पडलं.

अनेकांतनं आकडा निम्म्यावर आणला. विमा काढून टाकला.

आण्णांचा एकच निरोप: 'झालं का समाधान?'

आकारामचा फोन आला. आवाज असा, जणू गोल मारलाय. "लई झाक लिवलं, ताई. माझी आय जित्ती असती तर तिनं कापून देवघरात लावलं असतं." मागून स्वप्नाली: "लावा की, अगरबत्ती मी आणती!"

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुदतीचा शेवटचा दिवस. तालमीत दुपारी तीनला बसलो. मारुतीपुढे नारळ फोडूनच ठेवला होता. आण्णांना माझ्या कागदावर अजून भरवसा नाही.

कागद मी वाचून दाखवला. एक वर्ष. मानधन गेल्या वर्षीच्या निम्मं. विम्याचं कलम घातलं होतं, आण्णा म्हणाले, "तालीम कुठनं भरणार?" आकाराम म्हणाला, खोडा. स्वप्नाली दाराशी उभी होती. ती म्हणाली, "खोडू नका." आवाज चढवला नाही. आण्णांनी तिच्याकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि त्या कलमापुढे आपली सही केली – स्वतःच्या नावानं, तालमीच्या नाही.

आकारामनं मात्र पेन हातात धरूनच ठेवलं. "आदी त्याचा फॉर्म भरा."

उदयसिंह मागे बसला होता. खाली मान. आण्णांनी नोंदणीचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. त्यानं आधी आकारामकडे बघितलं, मग सही केली.

मग आकारामनं सही केली. पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखं. एकोणीस वर्षांचा भाव निम्म्यावर आलेला, आणि चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा. मी या माणसाच्या शंभरावर गोलांच्या बातम्या दिल्या असतील. त्यातला एकही याच्याइतका मोठा नव्हता.

पावणेपाचला आण्णा फॉर्म घेऊन संघटनेच्या कार्यालयात पोचले. पाचला खिडकी बंद.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला सामना. १-० जिंकले. उदयसिंहनं समोरच्याला नव्वद मिनिटं श्वास घेऊ दिला नाही. गॅलरीतून एक जण "डुलकी" म्हणून ओरडला, तर शेजारच्यानंच त्याला गप्प केलं – "पेपर वाचत न्हाईस व्हय रं?"

आकाराम साठाव्या मिनिटाला बाहेर आला. पंधरा-वीस जणांनी बोटं दाखवली, दोन-दोन. त्यानंही हसून त्यांना दाखवली. बाकावर बसून गुडघ्याला बर्फ लावला आणि उरलेला अर्धा तास फक्त उदयसिंहकडे बघत होता.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी उदयसिंह पेढे घेऊन आला. बस म्हटलं, बसला नाही.

"ताई, दादांनी मारुतीची शपथ घातलीया. पर तुमच्याशी खोटं वागवंना. दादांनी मला काय खूणबिण केली नव्हती. त्यो पाच नंबर माझाच व्हता. मीच उभा ऱ्हायलो."

आणि आकाराम कुठे होता?

"जिथं असायला पायजे तिथंच. पोस्टला."

छापायचं असलं तर छापा, म्हणाला. म्हटलं, मंगळवारी सामना आहे, रात्री नीट झोप काढ.

तो गेल्यावर ही वही मागे उलटून वाचली. मेमधली माझी बातमी शब्दाशब्दानं बरोबर होती. आणि इथे, माझ्याच अक्षरात, तीनदा – ती खूण मी पाहिली होती. दोन बोटं. नखातली काळी रेघसुद्धा.

खांदा डावीकडे पडला, आणि मी डावीकडे गेले.