गुडघे माझे आहेत

दीक्षितपुरा, जबलपूर

प्रिय प्रणोती,

भोपाळला ट्रेनिंगमध्ये जेवण बरं मिळतं का, की रोज तीच पाण्यात पोहणारी बटाट्याची भाजी? इथे पाटनचा मटर आलाय. तू नाहीस, म्हणून मी एकटीच सोलत बसते आणि निम्मा कच्चाच खाऊन टाकते.

केतनचा अर्ज वाचला. तुझ्या वकीलबाईंनी, अमिताताईंनी, नक्कल आणून दिली. तुझ्यावर, स्वतःच्या बायकोवर, हात उचलला म्हणून कोर्टाने त्याला या घरात पाऊल टाकायला मनाई केली. आता म्हणे परिस्थिती बदलली, तेव्हा हुकूमही बदला. बदललं काय, तर माझे गुडघे. वृद्ध आई अंथरुणाला खिळली असून मुलाच्या सेवेसाठी तळमळते आहे, असं लिहिलंय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. हे लिहिणाऱ्याला कोणी कधी उभं केलेलं दिसत नाही. गुडघे माझे, दुखतात मला, आणि मला न विचारता कोर्टात हजर.

माझी नणंद कुंदा येऊन सांगून गेली, की भाभी, बेटा आखिर बेटा होता है. मी चहा पुढे केला आणि विचारलं, मग बहू आखिर क्या होती है? अर्धा कप तसाच टाकून गेली.

केतन माझा मुलगा आहे, हे मी विसरलेली नाही. दर रविवारी खमरियाला त्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर जाते. तूच मला ऑटोत बसवून देतेस आणि परत आल्यावर एक शब्द विचारत नाहीस. या रविवारी त्याला मटरच्या कचोऱ्या नेईन. डोकं दुखत असेल तर दाबूनही देईन. पण आईवर माया करायला त्याला याच घराची किल्ली काहून हवी, हे मी त्याला गेल्या खेपेला तोंडावर विचारलं. त्याने उठून टीव्ही लावला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. अमिताताई काल सांगत होत्या, की तू कोर्टात हरकत नाही असं लिहून देणार आहेस आणि पाटनला तुझ्या शाळेजवळ खोली बघून राहिली आहेस. आईंना मुलगा हवा असेल, मध्ये मी कशाला, असं म्हणालीस. प्रणोती, तसं लिहून देऊ नकोस. पुढच्या तारखेला मी स्वतः उभी राहून सांगणार आहे, की माझ्या मुलाला माझ्या घरात येऊ देऊ नका. तेव्हा माझा आवाज कापेल. तू शेजारी हवीस. तो घरात असला की तू पातेलंसुद्धा श्वास रोखून खाली ठेवायचीस. हल्ली सकाळी भांडी आपटतेस, वर बेसूर गातेस, आणि माझी झोप मोडते. म्हातारपणी मला तेवढंच हवं आहे.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
आई