इसार घेतलेली लग्नं

प्रिय धम्मरत्न,

जय भीम. आम्ही दोघं मजेत आहोत. महागावात ऊन छान पडलंय आणि तुझ्या आईने मंडपाच्या कनाती वाळत घालून अख्ख्या गल्लीची वाट अडवली आहे. तुझ्या नागपूरच्या स्टुडिओत पाणी शिरलं, दोन्ही कॅमेरे गेले, हे कळल्यापासून मात्र ती दर जेवणाला तुझा विषय काढते. एवढ्या हौसेने उभा केलेला धंदा राहतो की जातो, याचा घोर मलाही आहे. म्हणून गेल्या वैशाखातली आमची गोष्ट सांगतो, ती तू अर्धीच ऐकली आहेस.

वादळाने मंडप फाडला, पाइप वाकवले, हे तुला ठाऊक आहे. पण खरी पंचाईत कापडाची नव्हती, इसाराची होती. सीझनआधी लग्नघरांकडून इसार घ्यायचा आणि त्यातून नव्या खुर्च्या, पडदे आणायचे, ही आम्हा मंडपवाल्यांची रीत. तेव्हा इसार खुर्च्यांत अडकलेला, मंडप चिंध्या झालेला आणि लग्नं तोंडावर! मी आपला आतल्या खोलीत बसून राहिलो. कोणी विचारायला आलं की मी बाहेरगावी गेल्याचं तुझी आई सांगायची. शेवटी तीच वैतागली. एका मुलीच्या बापाला तिने थेट आत आणलं नि म्हणाली, "हे पाहा, घरातच बसून राह्यले. आता तुमीच बोला यायच्याशी!" मला असा राग आला म्हणून सांगू! पण तो माणूस शांतपणे म्हणाला, "काकाजी, मंडप नसन तर नसन. पण आधी सांगा ना, आमी दुसरी सोय पाहू."

मग मीच घरोघर निघालो. कोणी दोन शब्द सुनावले, कोणी चहा पाजला. काहींनी इसार हप्त्याने परत घ्यायचं कबूल केलं, काहींनी विहाराच्या सभागृहात लग्न उरकायचं ठरवून माझ्याकडून नुसत्या खुर्च्या नेल्या. ढाणकीच्या रूपसिंग मंडपवाल्याशी माझं भाव पाडण्यावरून किती वाजायचं, तू लहानपणी पाहिलंस. त्याच्याही दारात गेलो. "माह्याकडं सामान हाये, तुमच्याकडं माणसं. निम्मं निम्मं करू," एवढं बोलून त्याने गाडी भरायला घेतली. मला भरून आलं रे.

तुझ्या आईचा हिशेब आणखी वेगळा. फाटक्यातलं धड कापड काढून तिने छोटे मंडप शिवले. बारसं, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, एखादा वाढदिवस, असली कामं मी कधी घेत नसे. शान आड यायची. पण मोठ्या लग्नाचे पैसे महिनोन्महिने रखडतात आणि बारशाचे तिथल्या तिथे हातात पडतात. शिवाय तिने मलाच मजुरीवर ठेवलंय. कामावरच्या पोरांइतकीच रोजची हजेरी, तेवढ्यातच घर चालवायचं, बाकी पैसा धंद्याचा. पानालासुद्धा जास्तीचे देत नाही बघ! पण यंदा दुकान स्वतःच्या पायावर उभं आहे आणि मला झोप चांगली लागते.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगतो. काल आपली सूनबाई, ममता, फोनवर तुझ्या आईजवळ रडली. ज्यांच्या लग्नाच्या शूटिंगचा इसार तू घेतलास, त्यांचे फोन तू उचलत नाहीस म्हणे. माझेही उचलत नाहीस. मी रागावलेलो नाही. कॅमेरे भाड्याने मिळतील, एखादं लग्न दुसऱ्याला द्यावं लागेल, कोणाचा इसार थोडा थोडा फेडावा लागेल. ते सारं जमतं, पण तोंड लपवून जमत नाही. एकेकाला फोन कर. आणि जीभ जड झाली असेल, तर पहिला मला कर. धंद्याचं मी काही काढणार नाही. जेवलास का, एवढंच विचारीन.

तुझाच,
बाबा