उजेडाचा काटा

६ एप्रिल २००४

पुन्हा काळे! तानूबाईचा एकही फोटो धड नाही. मांडीवरचं सूप दिसतंय, हात अर्धवट, चेहरा गेला अंधारात. भर दुपारी काढलेले! लॅबवाला म्हणाला, "मैडम, पूरा रोल अंडर है." म्हणजे उजेड कमी पडला.

पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण तानूबाईचं. इथल्या लष्करी छावणीतल्या मराठी बायकांवर लिहायचं आणि हिचाच चेहरा नाही. प्रकाशक म्हणतात, फोटो तुमचेच हवेत. आणि तिच्या हवालदाराचं पोस्टिंग आलंय सीमेवर. वीस तारखेला ती मुलांना घेऊन गावी निघणार.

श्यामकांत जेवताना म्हणाला, "अगं, मशिन आहे ते, कविता नव्हे. मी काढलेले घे ना चार फोटो, यार."

त्याने तानूबाईला कधी पाहिलेलंही नाही.

७ एप्रिल

कॅमेरा बाबांनी मला लग्नात दिला होता. मला! पहिली काही वर्षं माझे फोटो बरे येत. मग काळे यायला लागले, श्यामकांतचे मात्र छान. अल्बम पाहिला आज — सिमला, बारसं, मुंज, सगळे त्याने काढलेले. मी सगळ्यांत आहे, हसतेय. "तुला उजेड कळत नाही," हे तो पाहुण्यांसमोरही म्हणायचा. लोक हसायचे. मीही.

९ एप्रिल

कॅमेऱ्याचं तळाचं झाकण उघडलं. सेलच्या पत्र्यावर हिरवी बुरशी. कापसाने व्हिनेगर लावून पुसलं, नवा सेल घातला. उजेड मोजणारा काटा टुणकन उडाला! काटा मधोमध आला की उजेड बरोबर, एवढंच तर असतं. वाटलं, हेच दुखणं होतं.

१२ एप्रिल

नाही. दुसरा रोलही तसाच.

छावणीत जाऊन तानूबाईला दाखवले. पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आवं ताई, येवढी काळी हाय व्हय मी? आमच्या सासूला दावू नगा, म्हनंल म्या म्हनलंच हुतं!" मग माझं तोंड बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुस्तकात नाव हाय न्हवं? बास झालं."

बसमध्ये रडू आलं. एवढ्याशा गोष्टीचं काय रडायचं — पण आलं.

१३ एप्रिल

शेजारच्या हेमलताचा नवा कॅमेरा मागून आणला. दोन्ही गॅलरीतल्या एकाच भिंतीवर धरले. फिल्म तीच, वेग तोच. तिचा म्हणतो भिंग आठवर ठेवा. माझा म्हणतो सोळा, म्हणजे आणखी बारीक! सावलीत धरले — तोच फरक. म्हणजे माझा कॅमेरा आहे त्याहून जास्त उजेड समजतो आणि भिंग फार मिटायला लावतो.

मी त्याचं ऐकत होते. इतकी वर्षं काटा अगदी मधोमध आणून, श्वास रोखून!

१४ एप्रिल

कारण सापडलं. झाकणाच्या आत बारीक अक्षरांत १.३५ व्होल्ट कोरलंय. बाजारात मिळणारा सेल दीडचा. जोर जास्त, म्हणून काटा उडतो. जुना सेल मिळेल का, दुकानात विचारलं. "वो तो कब का बंद हो गया मैडम, पारे वाला था."

उपाय सुचला. फिल्म चारशेची असली तरी कॅमेऱ्याला शंभरची सांगायची. शंभरच्या फिल्मला उजेड जास्त लागतो, म्हणून तो भिंग उघडायला लावेल. वरची चकती फिरवायची, बस. एवढंच!

१५ एप्रिल

सकाळी चहाला बसून चकती फिरवत होते. श्यामकांतने पेपरावरून पाहिलं. "हां, शंभरवर ठेव. मी केव्हापासून शंभरवरच ठेवतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुला माहीत होतं?"

"मेहरांनी सांगितलं होतं ऑफिसात. अगं, फोटो बिघडायला लागल्यावर तू हातच लावत नव्हतीस फारसा."

"पण मी घ्यायची तेव्हा चकती नेहमी चारशेवर असायची."

"मीच ठेवायचो परत. फिल्मच्या डब्यावर असतं तसं. वस्तू जागच्या जागी ठेवावी माणसाने." आणि पान उलटलं.

त्याला यात काही वाटलं नाही. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. मी चिडायची, माझा प्रत्येक रोल वाया जायचा, तो समोर बसून बघत होता — आणि त्याला एक वाक्य बोलावंसं वाटलं नाही.

भाजीत मीठ दोनदा पडलं आज.

१९ एप्रिल

छावणीत ट्रंका बांधायचं चाललेलं. तानूबाई ट्रंकेवर बसून कडी लावत होती. तिचे हवालदार, शहाजीराव, म्हणाले, "साडी तरी बदल." ती म्हणाली, "ताईस्नी अशीच पायजे." चकती शंभरवर. फोटो काढले एकटीने, कोणाला न विचारता.

२२ एप्रिल

फोटोत आली! कपाळावरचं गोंदण, घामाने चिकटलेले केस, दातांत धरलेली सुतळी. सगळं दिसतंय. डोळे थेट माझ्याकडे.

एक प्रत तिला गावी पाठवली, एक प्रकाशकांना. खाली माझं नाव.

श्यामकांतने बराच वेळ पाहिला. "अच्छा आलाय," म्हणाला.

२४ एप्रिल

श्यामकांतची बदली चेन्नईला. ऑर्डर मार्चमध्येच निघाली होती. आज सांगतोय — "क्वार्टर सोडायचंय, सामान बांधायला घे."

दुपारभर बसून बांधलं. फक्त त्याचं.