परतभेटीला जेवायचं नसतं

बाई,

परवा मी दौलताबादच्या पलीकडच्या त्या घरी जाऊन आले. एकटीच. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "कळवलं तर नाय ना?" नव्हतं कळवलं. तेवढं मी शिकले आहे.

जायला निमित्त झालं एका फोनचं. विभागामागची आपली पत्र्याची शेड आता पाडणार आहेत. तिथे काचेची इमारत उभी राहणार. नव्या विभागप्रमुख वयानं लहान आहेत, अदबीनं बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, शेडमध्ये त्या उन्हात मिरच्या वाळवायच्या लाकडी पेट्या पडल्यात. भंगारवाल्याला बोलावू, की तुम्हाला काही हवंय त्यातलं?" आणि मग सहजच, "यातली एखादी कुठे अजून चालू आहे का हो? असेल तर एक ठेवून घेऊ, खाली पाटी लावू." बघून सांगते, म्हटलं. फोन ठेवला आणि पुंडलिकनगरच्या या दोन खोल्यांत मी नुसती उभी राहिले. उमेदीची सगळी वर्षं आपण दोघींनी ज्या पेट्यांमध्ये घातली, त्यातली एक तरी आज कुणाच्या उपयोगाची आहे का, हे मला माहीत नव्हतं. ज्यांना विचारावं त्या तुम्हीच. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळ आहे, आणि तो घेऊन जायला फारशी ठिकाणं नाहीत. म्हणून निघाले.

पहिली पेटी तुमच्या उस्मानपुऱ्याच्या स्वयंपाकघरात झाली, आठवतं? पोळपाटाच्या शेजारी काचेचे तुकडे, ओट्यावर काळा रंग लावून वाळत ठेवलेला पत्रा, आणि तुम्ही एका हातानं पिठलं ढवळताय, दुसऱ्या हातात थर्मामीटर. मी तेव्हा तुमच्याकडे नुकतीच पीएचडीला लागले होते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक बाई म्हणजे कडक इस्त्रीची साडी आणि इंग्रजी, असं माझ्या डोक्यात. तुम्ही खेड्यातून आलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं अस्सल इकडचं. "पोरी, ऊन फुकट हाय, पण धूळ बी फुकट हाय. आपल्याला ऊन घ्यायचंय अन् धूळ नाय घ्यायची. एवढंच संशोधन." मी हसले होते. पुढे तेच वाक्य इंग्रजीत करून प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं, तेव्हा ते फार गंभीर दिसायला लागलं.

पण तुमचं खरं काम पेटी बनवून झाल्यावर सुरू व्हायचं. विभागातले बाकीचे लोक पेटी गावात दिली, फोटो काढला, अहवाल लिहिला की मोकळे व्हायचे. तुम्ही वर्षभरानं परत जायचात. न सांगता. त्याला तुम्ही परतभेट म्हणायचात. पेटीत मिरच्या असतील तर तसं लिहायचं, कोंबडी अंडी घालत असेल तर तेही लिहायचं. एका घरी मांजर व्यायलं होतं त्यात. तुम्ही मला म्हणालात, "लिही की. ऊब चांगली हाय म्हणून तर आली ना ती." आणि परतभेटीचा एकच कडक नियम होता, जेवायचं नाही. चहासुद्धा नाही. "एकदा त्यांच्या ताटात जेवलो की आपण पाव्हणे झालो. पाव्हण्याला कोण सांगतं, तुमची पेटी बिनकामाची हाय म्हणून?" म्हणून आपण झाडाखाली बसून आपापला डबा खायचो. माझ्याकडे डबा नव्हता, मी पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. एकदा तुम्ही माझ्या हातात स्टीलचा दोन खणांचा डबा ठेवलात. "शाई खाऊन मरशील." माझी पीएचडी झाली तेव्हा पुष्पगुच्छ मिळाले होते. त्यातलं काही आठवत नाही, डबा अजून आहे.

दौलताबादकडच्या त्या घरच्या पहिल्या परतभेटीच्या आधी मी पोस्टकार्ड टाकलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मुलीला न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं चोरीसारखं वाटायचं. आपण पोचलो, तर अंगण शेणानं सारवलेलं, पेटीची काच लखलखीत, आत लालभडक मिरच्या एका ओळीत मांडलेल्या. मी खूश. तुम्ही एक मिरची उचललीत, बोटांत चोळलीत आणि माझ्यापुढे धरलीत. बोटांना माती लागली होती. मिरच्या गच्चीवरच वाळल्या होत्या, आपल्यासाठी पेटीत आणून ठेवलेल्या. तुम्ही त्या घरातल्यांना काहीच बोलला नाहीत. मला मात्र कोपऱ्यात घेतलंत. "त्या नन बायांनी तुला दार वाजवायला शिकवलं, बरंच केलं. पण दार वाजलं की माणूस घर आवरतं. आपल्याला पसारा बघायचाय, पोरी." मला रडू आलं होतं. तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं केलंत.

मग तुम्ही त्या घरच्या म्हाताऱ्या सासूशेजारी उकिडव्या बसलात. "खाला, आता खरं सांगा. पेटी कुठं असती?"

"कोठ्यात, बैलांपाशी," ती म्हणाली. "बुरा मत मानो, बाईजी. पेटी लई चांगली हाय. मिर्ची झटकन सुकती. पर उसको राखण नाय लगती."

"मग ते चांगलंच की."

"क्या चांगलं? ये दोन्ही बहुवा मिर्ची राखायच्या बहान्यानं छतावर जायच्या. चिमण्या हाकलायच्या, दोन घटका बोलायच्या, हसायच्या. पेटी आली अन् ह्यांचे मरद बोलले, अब छत पे क्या काम है? मग मीच पेटी कोठ्यात टाकली."

दाराआड दोघी जावा उभ्या होत्या. धाकटी माझ्याच वयाची, नवी नवी लग्न होऊन आलेली. ती ओढणी तोंडावर धरून हसत होती, पण डोळे हसत नव्हते. ऊन किती, वारा किती, पाणी किती उडालं, हे सगळं मी मोजलं होतं. राखण मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटलं, आता तुम्ही पेटी उचलून परत न्याल. तुम्ही घरातल्या पुरुषांना बोलावलंत आणि चष्मा नाकावर सरकवून वर्गात बोलायचात त्या आवाजात सांगितलंत, "पेटी छतावरच ठेवायची. सूर्य जसा सरकल तशी फिरवावी लागती. जड हाय, एकटीचं काम नाय. दोन बाया लागतात, अन् जवळ बसून ऱ्हावं लागतं. सायन्स हाय हे." पुरुषांनी माना डोलावल्या. म्हातारीनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकून तुमच्याकडे असं पाहिलं की मला अजून ते पाहणं दिसतं.

परत येताना मी विचारलं, "बाई, हे खोटं नाही का झालं?"

"कसलं खोटं? सूर्य सरकत नाय व्हय?"

"पण पेटी एकटीला फिरते."

"तुझ्या प्रबंधात फिरती," तुम्ही म्हणालात आणि बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपून गेलात.

त्यानंतर आणखी गावं झाली, पेट्या झाल्या. मग तुमचं आजारपण. तुम्ही गेलात त्या वर्षी मी परतभेटींना एकटी जात राहिले, पुढच्या वर्षीही. मग प्रकल्प संपला. मी शिकवत राहिले. तुमच्यासारखी माझी कुणी विद्यार्थिनी झाली नाही, किंवा मी तुमच्यासारखी बाई झाले नाही. काय ते कळत नाही. सणावारी फोन येतात, "मॅडम, कशा आहात?" बरी आहे म्हणते. फोन लवकर संपतात.

तर परवा. बसवर आता संभाजीनगर लिहिलेलं असतं, तुम्ही असतात तर परतीचं तिकीट काढताना औरंगाबादच म्हणाला असतात. किल्ला मागे टाकून आत वळलं की पूर्वी मातीचा रस्ता होता, आता सिमेंटचा आहे. घराला मजला चढलाय, दाराला ग्रिल. कुणी दिसेना. मी दार वाजवायला हात वर केला आणि तुमची आठवण होऊन खाली घेतला. तेवढ्यात वरून आवाज आला, "कौन है?"

गच्चीवर ती बसली होती, ती धाकटी. केस पांढरे झालेत, दात पडलेत. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेटीवाली मॅडम! अगं मा! आवो, वर आवो. अन् ती बूटवाली बाईजी?"

"गेल्या. लई वर्षं झाली."

"इन्नालिल्लाह." तिनं ओढणी डोक्यावर ओढली. "आमची बडी जाऊ बी गेली. मागच्या थंडीत."

आणि बाई, ती पेटीवरच बसली होती. आपल्या पेटीवर. काच कधीची फुटलेली, त्या जागी फळी ठोकलेली, वर गोधडीची घडी. समोर फडक्यावर ओंजळभर मिरच्या. मी विचारलं, एवढ्याच? "मिर्ची तो पाकिटाची येती आता," ती म्हणाली. "सुना कामावर जातात, वाळूजला, कंपनीत. पोरं फोनमध्ये. पर छतावर बसायला बहाना तो पाहिजे ना? आधी आम्ही दोघी बसायचो. सासू मेली, मरद मेले, कोण विचारणार होतं? तरी बी रोज पेटी फिरवायचो. ती बोलायची, चल गं, सायन्स करू."

ती हसली, मीही हसले. मग तिनं उन्हाकडे पाहिलं, गोधडी काढली आणि उठली. "धरा मॅडम. ती गेल्यापासून फिरवली नाय. एकटीला नाय फिरत."

मी एक बाजू धरली. पेटी जड नाही हो, बाई. वजन मीच केलं होतं तिचं. पण आम्ही दोघींनी मिळून ती हळूहळू सूर्याकडे वळवली, फळीखाली काही नसलेली ती पेटी, आणि मग दोघी तिच्यावर बसलो. चिमण्या फारशा आल्या नाहीत. आल्या की ती "हुश्श" करायची, मग मी करायचे. तिनं जावेचं सांगितलं, मी तुमचं सांगितलं. तुमच्याबद्दल मी इतकं कुणाशी बोलले नव्हते, कारण तुम्हाला पाहिलेलं माणूसच भेटत नाही.

दुपारी ती उठली आणि ज्वारीची भाकरी, आंबट चुक्याची डाळ घेऊन वर आली. एका ताटात. माझ्या पिशवीत डबा होता. "खाओ ना," ती म्हणाली. "तेव्हा बी नाय खाल्लं तुम्ही. बडी जाऊ बोलायची, गरिबाचं खात नसतील." इतकी वर्षं त्यांना असं वाटत होतं, बाई. मी जेवले. तिच्या ताटात जेवले.

म्हणजे ही परतभेट धरायची नाही, हे मला कळतं. मी पाहुणी झाले, आता माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवता येणार नाही. तरी विभागप्रमुखांना काल फोन केला. म्हटलं, हो, एक पेटी चालू आहे. त्यांना फार आनंद झाला. "अजून मिरच्या वाळवतात त्यात?" नाही, म्हटलं, त्यात नाही. पण रोज वापरायला दोन बाया लागतात. "म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी अधिक काही समजावलं नाही. शेडमधली एक पेटी मात्र घरी मागवून घेतली, बाल्कनीत ठेवली आहे. एकटीला सहज फिरते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्या पोस्टकार्डानंतर मी कुठे जायच्या आधी कुणाला कळवत नाही, आणि तुम्हाला कळवायची सोय नाही. फक्त एवढं सांगायचं राहिलं. निघताना तिनं विचारलं, "फिर कब?" मी म्हटलं, काही काम निघालं की येईन. तोंडात तेच बसलंय. काम काही नाही, बाई. येत्या गुरुवारी जाणार आहे, आणि डबा नेणार नाही.