उजव्या बाजूचा सराव

जानेवारी १, १९६७
अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून आजपासून मीही. सवय आतापासून लागलेली बरी. काल हॅरिससाहेबाने (आमच्या अणुवीज केंद्राच्या साइटवरचा अमेरिकन फोरमन) स्टोअरमध्ये सर्वांसमक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तू एकदा सॅन फ्रान्सिस्कोला आलंच पाहिजे. ‘मस्ट’ हा शब्द वापरला. वर आपल्या टेबलाच्या खणातला त्या शहराचा नकाशाही दिला. बन्सी म्हणतो, साहेब खण रिकामा करत होता. आम्ही दोघे स्टोअरमध्ये मदतनीस, पण त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
संकल्प : ते शहर पायी आणि सायकलवर बघायचं. टॅक्सीतून काय, सामानही फिरतं.

जानेवारी ८
नकाशा पाठ होत आला. सोयीसाठी इकडची ठिकाणं तिकडे बसवली. बोईसर स्टेशन म्हणजे फेरीबोटीचा धक्का. चिंचणी म्हणजे मोठा बाजार. दांडी म्हणजे फिशरमन्स व्हार्फ, दोन्हीकडे कोळीच. ते तर देवानेच जुळवून ठेवलंय. तिकडे चढ फार, इकडे सगळं सपाट. म्हणून साइटवरच्या मुरमाच्या ढिगावर सायकल चढवली. वॉचमन हिंदीत ओरडला. उतरताना सायकल आधी खाली आली, मी नंतर.
रत्नाला (सौ.) म्हटलं, तूही चल फिरायला. ती म्हणाली, परभणी सोडून इथं आले हाच मला परदेश. आधी इथं पाणी कुठं भरायचं ते तर कळू द्या. बाईला महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

जानेवारी २२
दांडी, पायी. जिकडेतिकडे बोंबील वाळत घातलेले. नाकाला रुमाल लावला नाही, परदेशात ते असभ्य. रस्ता विचारायचा सराव म्हणून वाळवणापाशी बसलेल्या एका बाईला इंग्रजीत विचारलं, व्हार्फकडे कसं जायचं? ती म्हणाली, बोंबील पायजेत का वाकट्या, ते नीट सांगा. पुन्हा इंग्रजीत विचारलं. ती शेजारणीला म्हणाली, मानूस चांगल्या घरचा दिसतो, पन घरच्यांनी त्याला असा एकटा सोडू नये.
नाव जिवली. नवरा समुद्रात गेला तो आला नाही, पोरबाळ नाही. रोज डोक्यावर पाटी घेऊन बोईसरला मासे विकायला येते. शेवटी बोंबील घ्यावे लागले.

फेब्रुवारी ५
जिवली आता रोज आमच्या दारात. रत्नाला बोंबील भाजायला शिकवलं, गोड्या पाण्याची विहीर दाखवली. दोघी चालत चिंचणीचा बाजारही करून आल्या. रत्ना हल्ली हसते. गाव सोडल्यापासून हसली नव्हती. मी नकाशा समजावून सांगितला तेव्हा मात्र हसली नाही, जांभई दिली.
अत्यंत महत्त्वाचं : अमेरिकेत वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात! हे आधी कसं सुचलं नाही? नवखा माणूस तिथे पहिल्याच दिवशी चिरडायचा. संकल्प : उद्यापासून उजवीकडून.

फेब्रुवारी ६
उजवीकडून. समोरून एक बैलगाडी, एक ट्रक. ट्रकवाल्याने माझ्या आईची आठवण काढली.

फेब्रुवारी १९
आधी चुकून डावीकडे जायचो. आता नाही. उजवी बाजू अंगात भिनली. बन्सी म्हणाला, मरशील लेका. रत्ना म्हणाली, इथं आहात तोवर इथल्यासारखी चालवा. जिवली दारात मासे कापत होती. ती म्हणाली, दादा, आमच्या डोक्यावर पाटी असते, पटकन वळता येत नाय. तुमी आमच्या कडेनं समोरून आलात तर आमी जायाचं कुठं? तिघांनाही शांतपणे नियम समजावला. एकालाही कळला नाही.

मार्च १४
सकाळी दांडीच्या रस्त्यावर सराव. निवडुंगाच्या वळणावर अपघात. माझा नाही, जिवलीचा. ती तिच्या डाव्या कडेने समोरून येत होती, म्हणजे माझ्या उजव्या. ओरडली, दादा, डावीकडं घ्या, डावीकडं! घेतली नाही. तत्त्व म्हणून काही असतं. शिवाय मी घंटी वाजवली होती.
मासे रस्ताभर. तिचा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता, हाड बाहेर. मी दोनदा सॉरी म्हटलं. आठची ड्यूटी होती, थांबणं शक्यच नव्हतं. पुढे ताडाखाली एक माणूस होता, त्याला सांगितलं की मागे कोणी पडलंय, बघा. म्हणजे मदत लगेच पाठवली. तो झोपलेला होता, पण मी मोठ्याने सांगितलं.
सायकलचं मडगार्ड वाकलं.

मार्च १५
ती दुपारपर्यंत तिथेच पडून होती म्हणे. उन्हात. त्या ताडाखालच्या माणसाला काही जबाबदारी आहे की नाही? शेवटी एका गाडीवानाने उचलून घरी पोचवलं. मी रत्नाला म्हटलं, जिवली घसरून पडली असं ऐकतो. तिने माझी काल धुतलेली पँट आज पुन्हा धुतली.

मार्च २०
रत्ना दांडीला जाऊन आली. एकटी, चालत. आल्यावर जेवली नाही. म्हणाली, हाड बसवणाऱ्याने पाला लावून काठ्या बांधल्यात, पण जखमेला वास यायला लागलाय. मी म्हटलं, दांडीला वास असतोच. बोलायला नको होतं.
जिवलीने कोणाचंही नाव घेतलेलं नाही. म्हणजे चूक कोणाची ते तिलाही पटलेलं दिसतं. अमेरिकेत चालणाऱ्यांसाठी फुटपाथ असतात.

मार्च २९
रत्नाने जिवलीला बैलगाडीत घालून बोईसरला आणलं, तिथून रेल्वेने पालघरला नेलं. तिथे पाय गुडघ्यावरून कापला. रत्ना तिच्यापाशीच राहिली आहे. पालघर कधी न पाहिलेल्या बाईला इस्पितळ सापडलं कसं? विचारत विचारत गेली म्हणे. मराठीत.
इकडे मी भात लावला, करपला.
सराव बंद केलेला नाही. फक्त त्या वळणाने जात नाही.

एप्रिल १६
हॅरिससाहेब कायमचा अमेरिकेला परत चालला. निरोप घ्यायला गेलो आणि स्पष्टच विचारलं, मी कधी येऊ? त्याने माझा हात जोरजोरात हलवला आणि म्हणाला, एनी टाइम, बन्सी. मी चूक दाखवली नाही, घाईत होता बिचारा. घाईत पत्ता द्यायचाही राहिला.

एप्रिल ३०
बन्सी म्हणाला, अमेरिकेला ट्रेनिंगला जायचे ते इंजिनिअर केव्हाच जाऊन आले, स्टोअरच्या मदतनिसाला कोण नेतो रे? म्हटलं, बघू. त्याने पुढे चेष्टा केली नाही, चहा पाजला. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.
जिवली दांडीला घरी परतली आहे. तिची पाटी आता रत्ना उचलते. माझी बायको! आमच्या सात पिढ्यांत कोणी मासे विकले नव्हते, आणि ही डोक्यावर मासे घेऊन दांडीहून बोईसरला चालत येते. मनाई केली. ती म्हणाली, त्या बाईचं पोट पायावर होतं. पाटी ज्यांनी उचलायची ते सरावाला जातात, म्हणून मी उचलते.
म्हणजे हिला सगळं माहीत आहे? नसावं. कसं असेल?

२१ मे
रत्ना तापाने फणफणली आहे. तरी पहाटे उठून निघाली होती, दारातच बसली. मग मी सायकल काढली.
दांडीला जिवली म्हणाली, नुसती पाटी नेऊन काय करता? गिऱ्हाइकं माजी हायत, तुमच्याकडनं कोन घेतो? मला पन न्या. तिला उचलून कॅरिअरवर बसवलं, पाटी पुढे बांधली. पाटीच्या तळाला सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशा अंथरलेला, माशांच्या पाण्याने भिजून लगदा झालेला. रत्नाने कधी नेला, कळलंही नव्हतं. तसाच राहू दिला.
एक पाय नसलेलं माणूस मागे बसलं की सायकल कलते. सारखी सावरावी लागते.
निवडुंगाचं वळण आलं आणि मी ब्रेक दाबला. उतरून ढकलत नेऊ का, विचारलं. ती म्हणाली, चालवा. मी मागे न बघता विचारलं, तू रत्नाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बायला पयल्याच दिवशी कळलं हुतं, तुमच्या पँटीला खवलं हुती. तीच माज्या गळ्यात पडून रडली. म्हनली, नाव घेऊ नका, लोक त्यांना जीवानिशी मारतील. मी नाय घेतलं. इथं तिला दुसरं हायच कोन?
मला रडू फुटलं. दोन्ही हात हँडलवर, डोळे पुसता येईनात. ती म्हणाली, दादा, रस्ता बगा.
डावीकडून गेलो.